झिजलेला सांधा

घाटाच्या पायथ्याशी एक जुनी जीप क्षणभर थांबते. चालक गिअर टाकतो, क्लच सोडू लागतो, आणि गाडी हलण्यापूर्वी तिच्या पोटातून ‘खट्’ असा एक आवाज येतो. आत बसलेल्या मंडळींचे त्याकडे लक्षही जात नाही. जुनी गाडी कुरकुरणारच, अशी सर्वांनी मनाची समजूत घातलेली असते. एखादा जाणता मिस्त्री मात्र तो आवाज ऐकताच गाडीखाली शिरतो, लांबट पोलादी दांडा हाताने मागेपुढे पिळून पाहतो आणि म्हणतो, “क्रॉस गेला आहे. घाट चढू नका.”

हा क्रॉस म्हणजे मुठीत मावेल एवढा, अधिकच्या चिन्हासारखा, चार खुंट्यांचा पोलादी तुकडा. त्याच्यावाचून इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचत नाही. इंजिन आणि गिअरपेटी गाडीच्या सांगाड्याला बांधलेली असतात; चाकांचे आस मात्र स्प्रिंगांवर टांगलेले असल्यामुळे प्रत्येक खड्ड्यागणिक वरखाली होतात. स्थिर आणि अस्थिर अशा या दोन भागांना जोडणारा फिरता दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. फिरता फिरता त्याला वाकताही आले पाहिजे, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो. चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या जीपमध्ये असे दोन दांडे, एक पुढच्या आसाकडे व एक मागच्या आसाकडे जाणारा, म्हणजे एकूण चार सांधे झाले.

या सांध्याचा इतिहास मोटारीहून फार जुना आहे. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो याचे नाव युरोपातील अनेक भाषांत आजही या सांध्याला लावले जाते. सतराव्या शतकात इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने त्याचा बारकाईने अभ्यास केला आणि १६७६ साली सूर्यनिरीक्षणाच्या उपकरणांवरील आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. मोटारीत त्याला हक्काचे स्थान मिळवून दिले ते अमेरिकेतील क्लॅरेन्स स्पायसर याने. त्याला १९०३ साली या सांध्याचे पेटंट मिळाले. तोवर पुष्कळ मोटारी सायकलीप्रमाणे साखळीवर चालत असत.

हूकच्या सांध्यात एक उपजत खोड आहे. एका बाजूचा दांडा अगदी एकसारख्या वेगाने फिरला, तरी वाकलेल्या सांध्यापलीकडचा दांडा तसा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा घाई करतो व दोनदा रेंगाळतो. सांध्याचा कोन दहा अंशांचा असेल तर हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का असतो. कोन वीस अंशांवर गेला की तो सहा टक्क्यांवर जातो. मौज अशी की, सूर्यतबकडीवरील तासांच्या रेषा ज्या गणिती नियमाने विषम अंतरांवर पडतात, त्याच नियमाने हा सांधा रेंगाळतो व धावतो. एकाच गणिताने सावलीचे घड्याळ आखता येते, आणि घाटात जीप का थरथरते तेही सांगता येते.

या खोडीवरील उपाय साधा आहे. एका सांध्याने केलेली चूक दुसऱ्या सांध्याने नेमकी उलट करून फेडावयाची. त्यासाठी दांड्याच्या दोन टोकांवरील दुबेळकी पकडी एकाच पातळीत असाव्या लागतात. दांडा लांबी कमीजास्त करू शकावा म्हणून त्याचे दोन भाग खाचांमध्ये एकमेकांत सरकणारे केलेले असतात. ते सुटे करून पुन्हा बसविताना एका खाचेचीही चूक झाली, तर दुसरा सांधा पहिल्याची चूक पुरती फेडीत नाही. लष्करी जीपचा विचार केला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला तिचा दांडा मिनिटाला दीड हजाराच्या आसपास फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला जवळजवळ पन्नास धक्के. असे धक्के खाणारा नवा क्रॉससुद्धा फार दिवस टिकत नाही, आणि मग बिचाऱ्या क्रॉसलाच नावे ठेवली जातात.

जीपची घडणच अशी आहे की या सांध्यांवर मोठा भार पडावा. तिच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर अवघे ८० इंच. त्यामुळे मागचा दांडा आखूड, आणि दांडा जेवढा आखूड तेवढा त्याचा कोन अधिक. १९४१ सालच्या लष्करी जीपचे इंजिन ६० अश्वशक्तीचे होते. परंतु पहिला गिअर आणि मंद गतीचा दट्ट्या दोन्ही टाकले, की इंजिनाची पिळण्याची ताकद या दांड्यांपर्यंत येताना सव्वापाच पट होते. ती सारी ताकद क्रॉसच्या खुंट्यांवरून जाते. प्रत्येक खुंटीवर एक पोलादी टोपी असते आणि टोपीच्या आत सुयांसारख्या बारीक रोलरांची रांग. वंगण आटले, किंवा ओढ्याचे पाणी आत शिरले, की या सुया गंजतात व खुंटीवर आपल्या रेघा कोरू लागतात. टोपीच्या कडेला तांबूस भुकटी दिसणे ही त्याची खूण.

चालकाच्या अज्ञानाचाही यात वाटा असतो. या जुन्या जीपमध्ये पुढच्या व मागच्या दांड्यांमध्ये वेगाचा फरक सामावून घेणारी रचना नाही. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. चिखलात किंवा वाळूत चाक थोडे घसरते आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर ते घसरू शकत नाही; मग सारा ताण दांड्यांत व सांध्यांत साठत जातो. म्हणून पक्का रस्ता लागताच पुढच्या चाकांची जोडणी सोडून द्यावी, हा नियम आहे.

भारतात ही गाडी दुसऱ्या महायुद्धाबरोबर आली. १९४९ साली मुंबईत माझगाव येथे परदेशातून आलेल्या सुट्या भागांतून जीप जुळविण्यास आरंभ झाला. १९५२ च्या २ ऑक्टोबरला सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि जीप ही गटविकासाच्या कामाची ओळखीची खूण ठरली. जिथे रस्ता संपे तिथून पुढे तिचे काम सुरू होई. दार्जिलिंगच्या डोंगरात मानेभंजनहून संदकफूला चढणाऱ्या दगडी वाटेवर तिच्याच जातीच्या जुन्या लँड रोव्हर गाड्यांनी कित्येक दशके प्रवासी वाहिले. अशा गाड्या आज थोड्या उरल्या असल्या, तरी शेतमळ्यांवर आणि हौशी मंडळींच्या अंगणात त्या अजून आढळतात. त्यांचा क्रॉस बदलण्याचे काम आडगावच्या मिस्त्रीलाही करता येते. परंतु त्यातील एक धोका ठाऊक नसेल तर ते जिवावर बेतू शकते.

तो धोका असा. या जातीच्या पुष्कळ गाड्यांत हातब्रेक चाकांवर लागत नाही. शक्ती वाटणाऱ्या पेटीच्या मागे, थेट मागच्या दांड्याच्या मुळाशी त्याचा ड्रम असतो. दांडा जोडलेला आहे तोवर हातब्रेक चाकांना धरून ठेवतो. तो सोडविला, की हातब्रेक कितीही घट्ट ओढलेला असला व गिअरही टाकलेला असला, तरी मागची चाके मोकळी होतात. गाडी उतारावर असेल आणि तिच्याखाली माणूस उताणा पडलेला असेल, तर पुढे काय होईल हे सांगावयास नको. म्हणून शहाणा मिस्त्री पान्याला हात घालण्यापूर्वी गाडी सपाट जागेवर आणतो आणि चाकांच्या पुढेमागे भक्कम दगड लावतो.

यानंतर दांड्यावरील चिखल खरवडून तो पूर्वी कारखान्यात कोरलेले बाण शोधतो. ते दिसत नसतील तर स्वतः रंगाने खूण करतो. यू-बोल्टच्या चाक्या काढून दांडा उतरविला, की सुट्या टोप्या दोऱ्याने बांधून ठेवतो, म्हणजे आतल्या सुया विखरून पडत नाहीत. मग आतली कडी चिमट्याने काढून, व्हाइसच्या साहाय्याने जुन्या टोप्या बाहेर ढकलतो. पकडीची भोके घासलेटने धुऊन, ती लांबट तर झाली नाहीत ना, हे बोटाने तपासतो. भोके झिजली असतील तर नवा क्रॉस घालणे व्यर्थ आहे.

नवा क्रॉस बसविताना खरी कसोटी लागते. ग्रीस भरण्याचे तोंड पिचकारी पोहोचेल अशा बाजूस आले पाहिजे. प्रत्येक सुई ग्रीसमध्ये उभी राहिली पाहिजे. टोपी दाबताना एखादी सुई आडवी पडली, तर टोपी पूर्ण आत जात नाही आणि कडी आपल्या खाचेत बसत नाही. अशा वेळी शिकाऊ पोरगा हातोडी उचलतो, आणि मिस्त्री ती त्याच्या हातातून काढून घेतो. टोपी परत बाहेर काढून सुई सरळ करावयाची, एवढाच त्यावर उपाय. नव्या क्रॉसला जुन्या टोप्या घालण्याची काटकसरही तो करू देत नाही. झिजलेल्या सुया नव्या खुंटीला लवकरच आपल्यासारखी करून सोडतात. सर्व बसल्यावर सांधा हाताने चारही दिशांना फिरला पाहिजे, पण स्वतःच्या वजनाने लुळा पडता कामा नये. शेवटी बाणासमोर बाण आणून दांडा चढवावयाचा, यू-बोल्ट दोन्ही बाजूंनी सारखे आवळावयाचे आणि चारही टोप्यांच्या कडेने ताजे ग्रीस डोकावेपर्यंत पिचकारी मारावयाची.

हे सारे टाळून घाट चढणाऱ्याच्या वाट्याला काय येते? मागचा सांधा चढणीवर तुटला, तर चाकांना मिळणारी शक्ती, इंजिनाचा रोध आणि हातब्रेक ही तिन्ही एकाच क्षणी जातात. उरतो तो पायाचा ब्रेक. आणि या जुन्या गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच तेलाच्या जोडणीवर अवलंबून असल्यामुळे, गरागरा फिरणाऱ्या तुटक्या दांड्याने नळी तोडली तर तोही जातो. गाडी सावरून थांबलीच, तर चाकांना दगड लावून तुटका दांडा पुरता काढून टाकावा आणि पुढच्या चाकांची जोडणी करावी. मग जीप पुढच्या दोन चाकांवर सावकाश घरी येऊ शकते, आणि हातब्रेकही त्याच वाटेने पुढची चाके धरतो. चारही चाके चालविणाऱ्या रचनेचा हा एक अनपेक्षित उपकार होय. परंतु या उपकाराची परीक्षा दरीच्या काठावर पाहण्यात शहाणपण नाही.

काम संपते. मिस्त्री चालकाला गाडी थोडी पुढे, थोडी मागे घ्यावयास सांगतो आणि मान कलती करून ऐकतो. ‘खट्’ असा आवाज आता येत नाही. तरीही पैसे खिशात घालताना तो बजावतो, “शंभर-दीडशे किलोमीटर चालली की परत आणा, बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत. आणि नदी ओलांडलीत, तर ग्रीस दिल्याशिवाय गाडी ठेवू नका.” चालक मान डोलावतो. जीप घाटाकडे वळते, आणि पहिल्या वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत मिस्त्री तिचा आवाज ऐकत उभा राहतो.