हृदयाच्या आणि छातीच्या शस्त्रवैद्यांची सामाईक शाळा

मुंबईहून सोलापूर, गुंटकल, रेणिगुंटा या मार्गाने चेन्नईला जाणारी गाडी प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात आवडी नावाच्या स्थानकावरून जाते. मराठी कानाला हे नाव आपुलकीचे वाटते. तामिळनाडूत मात्र ते उद्योगाचे आणि लष्कराचे नाव आहे. १९५५ च्या जानेवारीत काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव या गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पुढे १९६५ मध्ये येथील अवजड वाहनांच्या कारखान्यातून ‘विजयंता’ रणगाडा बाहेर पडला. इंजिन एकाने, तोफ दुसऱ्याने आणि पट्टे तिसऱ्याने, परस्परांचे काम न पाहता तयार केले, तर रणगाडा चालणार नाही, ही गोष्ट आवडीच्या कामगाराला सांगावी लागत नाही. माणसाच्या छातीच्या बाबतीत मात्र ती अजून सांगावी लागते, आणि आज तीच आपल्यापुढे मांडण्याचा माझा विचार आहे.

हा विषय मांडण्यास आवडीसारखी दुसरी जागा क्वचितच सापडेल. येथून लोहमार्गाने चेन्नईकडे निघाले की पेरांबूर लागते. तेथे दक्षिण रेल्वेचे मोठे रुग्णालय आहे. वाटेत अंबत्तूरच्या दक्षिणेस मोगप्पैर आहे. तेथे मद्रास मेडिकल मिशनची हृदयरोगसंस्था आहे. शहराच्या दक्षिण टोकाला तांबरमचे जुने क्षयरुग्णालय आहे. आणि उलट दिशेने, पश्चिमेकडे, काटपाडीला उतरून गेले की वेल्लोरचे ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय येते. या चार ठिकाणी मिळून भारतातील छातीच्या आणि हृदयाच्या शस्त्रविद्येचा बराचसा इतिहास घडला आहे. त्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे या दोन विद्या एकत्र का शिकवल्या पाहिजेत हे आपोआप उलगडते.

आरंभ फुप्फुसापासून झाला. छातीचा पिंजरा ही एक विलक्षण रचना आहे. फुप्फुस फुगलेले राहते ते त्याच्या भोवतीच्या पोकळीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो म्हणून. छाती उघडली की हवा आत शिरते आणि फुप्फुस मिटते. या एका अडचणीमुळे, पोटाची शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागल्यावरही, छातीला हात लावण्यास शस्त्रवैद्य धजत नसत. १९०४ मध्ये जर्मनीत झाउअरब्रूख यांनी कमी दाबाची एक खोलीच तयार केली. रुग्णाचे धड आणि शस्त्रवैद्य आत, रुग्णाचे डोके बाहेर, अशी ती व्यवस्था होती. पुढे श्वासनलिकेत नळी घालून दाबाने हवा देण्याची सोपी रीत रूढ झाली आणि छातीचे दार खऱ्या अर्थाने उघडले.

त्या दारातून प्रथम आत गेले ते क्षयाचे रुग्ण. औषध नव्हते त्या काळी बरगड्यांचे तुकडे काढून रोगट फुप्फुस कायमचे मिटवून टाकणे हाच अनेकांना शेवटचा उपाय होता. तांबरमचे आरोग्यधाम १९२८ मध्ये डॉ. चौरी मुत्तु यांनी उभारले, ते मोकळी हवा, विश्रांती आणि आहार यांवर भिस्त ठेवून. वेल्लोरला बॉस्टनचे शस्त्रवैद्य डॉ. रीव्ह बेट्स आले आणि १९४९ मध्ये त्यांनी छातीच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग सुरू केला. देशातील या विद्येचे ते पहिले पीठ होय. बेट्स यांचे मोठेपण केवळ त्यांनी केलेल्या शस्त्रक्रियांत नाही. त्यांनी माणसे तयार केली. त्याच विभागात १९६१ मध्ये डॉ. गोपिनाथ यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने हृदय उघडून शस्त्रक्रिया केली. फुप्फुस शिकवायला आलेल्या गुरूच्या शाळेतून हृदयाचे शस्त्रवैद्य निघाले, ही घटना योगायोगाची नव्हे. जगभर असेच झाले. १९३८ मध्ये बॉस्टनला ग्रॉस यांनी हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायची राहून गेलेली वाहिनी बांधली. १९४८ मध्ये अरुंद झालेली झडप बोटाने रुंद करण्यात यश आले. १९५३ मध्ये गिबन यांनी यंत्राच्या मदतीने हृदयाच्या आतले छिद्र बुजवले. या प्रत्येक पावलाला छाती सुखरूप उघडण्याची आणि सुखरूप मिटण्याची विद्या आधाराला होती.

यानंतर मात्र दोन्ही वाटा फाकल्या, आणि त्याचे एक कारणही चेन्नईतच घडले. १९५६ मध्ये तेथे क्षयाच्या औषधोपचाराचे संशोधनकेंद्र सुरू झाले. रुग्णाला घरी ठेवून औषधे दिली तरी आरोग्यधामाइतकाच गुण येतो, असा निष्कर्ष या केंद्राने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. जगातल्या गोरगरिबांवर याचे उपकार आहेत. आरोग्यधामांचे महत्त्व ओसरले, बरगड्या काढण्याच्या शस्त्रक्रिया मागे पडल्या आणि तरुण शस्त्रवैद्य हृदयाकडे वळले. १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयारोपण केले. पहिल्या मानवी हृदयारोपणाला त्या वेळी तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला, तथापि परळच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे चाललेल्या तपश्चर्येची ती साक्ष होती. १९७५ मध्ये पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी तुंबलेल्या रोहिणीला वळसा घालून रक्ताला नवी वाट देण्याची, म्हणजे बायपासची, शस्त्रक्रिया केली. ती देशातील पहिली यशस्वी मानली जाते. २०२५ मध्ये ते निवर्तले. त्यांचाही आरंभीचा काळ वेल्लोरच्या महाविद्यालयात गेला होता.

हृदयाची भरभराट झाली, हे चांगलेच झाले. पण छातीचे दुखणे संपले का? जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा भाग आजही भारतात आहे. औषधाने जंतू मरतात. परंतु जंतूंनी पोखरलेले फुप्फुस पुन्हा नवे होत नाही. त्या पोकळ्यांत बुरशी वाढते आणि एखाद्या दिवशी रक्ताची गुळणी येते. फुप्फुसाभोवती पू साचून जाड साल धरते आणि ती सोलून काढल्याशिवाय फुप्फुस फुलत नाही. फुप्फुसाचा कर्करोग आहे, रस्त्यावरच्या अपघातांत चेंगरलेल्या छात्या आहेत. आपल्याकडील पदवीच्या नावात हृदय, वक्ष आणि रक्तवाहिन्या ही तिन्ही अंगे आहेत. परंतु विद्यार्थी ज्या रुग्णालयात दाखल होतो तेथे जे येते तेच त्याच्या हाताला वळण लावते. जेथे रोज बायपासच होतो तेथे फुप्फुसाची साल सोलण्याचा सराव कोठून होणार? आणि जेथे केवळ छातीचे रुग्ण येतात तेथे हृदय थांबवून पुन्हा चालू करण्याचा धीर कोठून येणार?

रोग मात्र आपल्या पदव्यांची विभागणी पाळत नाहीत. दोनच उदाहरणे देतो. सांधेतापाने हृदयाची डावीकडील झडप आकसली की रक्त मागे तुंबते, फुप्फुसातील दाब वाढतो आणि रुग्णाला खोकल्यातून रक्त पडते. क्षय समजून अशा रुग्णांवर महिनोन्महिने औषधोपचार झाल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात कमी नाहीत. दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. क्षयाचे जंतू कधी हृदयाभोवतीच्या आवरणात शिरतात. ते आवरण घट्ट, कधी चुन्यासारखे टणक होते आणि हृदयाला पसरू देत नाही. पोटात पाणी होते, पाय सुजतात. यकृत बिघडले असे वाटते. उपाय एकच: ते कवच धडधडणाऱ्या हृदयावरून तुकड्यातुकड्याने उतरवणे. येथे रोग फुप्फुसवैद्याचा, अवयव हृदयवैद्याचा आणि हात दोघांचाही जाणणारा हवा.

म्हणून माझे म्हणणे असे, की हृदयाच्या आणि छातीच्या शस्त्रवैद्यांचे पदव्युत्तर शिक्षण एकेका रुग्णालयाच्या भिंतींत न ठेवता, एका प्रदेशातील अनेक रुग्णालयांनी मिळून चालवावे. निवड एक, अभ्यासक्रम एक, परीक्षक समान आणि उमेदवारी मात्र फिरती. पहिल्या काळात सर्वांनी छाती उघडणे-मिटणे, छातीतील नळीची आणि कृत्रिम श्वासाची देखभाल, अतिदक्षता विभागातील रात्रपाळी हे समान पाठ घ्यावेत. नंतर काही महिने क्षयरुग्णालयात, काही बालहृदयाच्या विभागात, काही अपघातविभागात आणि काही हृदय-फुप्फुस यंत्र चालवणाऱ्यांजवळ घालवावेत. शेवटच्या वर्षी ज्याने त्याने आपली मुख्य वाट निवडावी. प्रत्येकाने स्वतः केलेल्या आणि साहाय्य केलेल्या शस्त्रक्रियांची वही ठेवावी आणि ती सर्व केंद्रांनी मान्य करावी. आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. महिन्यातून एकदा सगळ्या केंद्रांनी एकत्र बसून दगावलेल्या रुग्णांची मोकळी चर्चा करावी. यशाने हात धीट होतो. पण तो सावध होतो तो अपयशाच्या अशा उघड हिशेबाने.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जॉन अलेक्झांडर यांनी १९२८ मध्ये छातीच्या शस्त्रविद्येचे रीतसर पदव्युत्तर शिक्षण सुरू केले, आणि १९४८ मध्ये त्या देशात या विद्येची परीक्षा घेणारे मंडळ स्थापन झाले. हृदय आणि फुप्फुस दोन्ही त्याच्याच कक्षेत येतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोन देशांनी तर हृदय व वक्ष शस्त्रविद्येचे शिक्षण सामाईक ठेवले आहे, आणि त्यांचे उमेदवार निरनिराळ्या रुग्णालयांतून फिरतात. चेरियन यांनी आपली उच्च पात्रता तेथूनच मिळवली. आपल्याकडेही पाया आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळ १९८२ पासून स्वतंत्र संस्था म्हणून देशभर एकच परीक्षा घेत आले आहे. पुण्याच्या लष्करी संस्थेने हृदय आणि वक्ष ही दोन्ही अंगे आपल्या नावातच एकत्र ठेवली आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे असा नियम २०२० मध्ये झाला. म्हणजे विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडावा हे तत्त्व मान्य झाले आहे.

अडचणी आहेत, आणि त्या लपवून चालणार नाहीत. शिकाऊ शस्त्रवैद्य हा रुग्णालयाचा कामाचा हात असतो. तो सहा महिने दुसरीकडे धाडायचा म्हटले की विभागप्रमुखाच्या कपाळाला आठी पडते. त्यावर उत्तर असे, की हात जातो तसा येतोही. अदलाबदल बरोबरीची असली म्हणजे कोणाचेच काम अडत नाही. दुसरी अडचण खर्चाची आणि निवासाची. ती शासनाने, रेल्वेने आणि धर्मादाय संस्थांनी वाटून घ्यावी. तिसरी अडचण अधिक खोल आहे. शलाकेने रोहिणी रुंद करण्याची रीत १९७७ पासून रूढ झाली, शस्त्रक्रियेविना बरे होणारे रुग्ण वाढले, आणि शिक्षणाची लांबी पाहून तरुण या विद्येकडे पाठ फिरवू लागले. तीन वर्षे सामान्य शस्त्रविद्या आणि तीन वर्षे ही विशेष विद्या, एवढे करूनही जागा रिकाम्या राहिल्याच्या बातम्या आपण वाचतो. सामाईक शाळेने ही वाट आखूड होणार नाही. पण ती अधिक भरीव नक्कीच होईल. चांगले शिक्षण मिळण्याची खात्री असली, तर लांबच्या वाटेलाही प्रवासी मिळतात.

महाराष्ट्रात तर हे सहज साधण्यासारखे आहे. परळचे के. ई. एम. आणि शिवडीचे क्षयरुग्णालय यांच्यात दोन-तीन किलोमीटरांचे अंतर. दोन्ही एकाच महानगरपालिकेची. नागपूर, मिरज, पुणे येथेही जुनी रुग्णालये आहेत. आपल्याला नवी इमारत बांधायची नाही. आहेत त्या इमारतींमधला रस्ता मोकळा करायचा आहे.

या विषयात मराठी माणसाला तामिळ भूमीतच एक पूर्वज भेटतो. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे यांनी १८०० नंतरच्या दशकांत धन्वंतरी महाल चालवला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य त्यांनी तेथे जवळ केले आणि अनुभवाला उतरलेले उपचार तामिळ पद्यांत लिहवून घेतले. राजे स्वतः डोळ्यांवरील उपचारांत रस घेत, आणि त्या रुग्णांच्या नोंदी राहिल्या आहेत. निरनिराळ्या परंपरांच्या वैद्यांना जवळ आणणे आणि अनुभव लिहून ठेवणे, या दोन गोष्टी दोनशे वर्षांपूर्वी एका राजाला साधल्या. त्या आजच्या विद्यापीठांना अशक्य असू नयेत.

श्रोतेहो, खोकल्यातून रक्त पडले म्हणून घाबरून रुग्णालयाच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला आपला रोग हृदयाचा की फुप्फुसाचा, हे ठाऊक नसते. ते त्याला ठाऊक असावे अशी अपेक्षाही नाही. परंतु त्याची छाती जो उघडणार, त्याला मात्र दोन्ही ठाऊक असले पाहिजे. ते ज्ञान त्याला कोठे आणि कसे मिळेल याची व्यवस्था लावणे हे आपले सर्वांचे काम आहे.