एका दिवसाचा डोंगर कसा निवडावा



गेल्या हिवाळ्यांत, कॅनडांत नोकरीस असलेल्या माझ्या पुतण्याचा टेलिफोन आला. "काका," तो म्हणाला, "एका दिवसाची सुट्टी आहे. हेलिकॉप्टरनें डोंगरमाथ्यावर उतरावयाचें आणि पायांस लांब पट्ट्या बांधून कोऱ्या बर्फावरून घसरत खालीं यावयाचें, असा येथें एक प्रकार आहे. मनांत फार आहे. पण दर ऐकून छाती दडपते. तुम्ही जन्मभर डोंगर हिंडलांत. निवड कशी करूं तें सांगा."

मी जुन्या अकरावीची मॅट्रिक उतरलेला एक निवृत्त मास्तर. बर्फ मीं पाहिला तो रसवंतीवाल्याच्या गोणपाटांत गुंडाळलेला! परंतु त्याचें बोलणें ऐकतां ऐकतां माझ्या ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न मुळांत बर्फाचा नाहीं. थोडा पैसा, एकच दिवस आणि मोठी हौस, या तिघांचा मेळ कसा घालावा, हा तो प्रश्न आहे. आणि पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांत तो दर शनिवारीं रात्रीं उभा राहतो. तिकडे बुगाबू पर्वत असेल, इकडे जुन्नर-आंबेगांवचा सह्याद्रि असेल, इतकाच काय तो फरक.

पुतण्यानें सांगितलेली हकीकत मला बोधप्रद वाटली, म्हणून थोडक्यांत देतों. हान्स ग्मोझर नांवाच्या मूळच्या ऑस्ट्रियन वाटाड्यानें १९६५ सालीं बुगाबू पर्वतांत हेलिकॉप्टरच्या या सफरी धंद्याच्या स्वरूपांत सुरू केल्या. आज अशा एका दिवसाला हजार डॉलर, कित्येकदां त्याहूनही अधिक, मोजावे लागतात. त्याच हौसेचा दुसरा मार्ग म्हणजे रणगाड्यासारखे पट्टे असलेली एक बंद मोटार. ती सावकाश बर्फ चढते व माणसांना माथ्यावर सोडते. तिचा दर पुष्कळ कमी असतो. उतरण्याच्या फेऱ्याही कमी मिळतात. परंतु धुकें दाटलें कीं हेलिकॉप्टर जमिनीवरच बसून राहतें आणि ही मोटार मात्र बहुधा चालते. शिवाय दोन्हींकडे एक गोष्ट सारखी असते. बर्फाच्या लोटाखालीं माणूस गाडला गेला तर त्याचा शोध लागावा, म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संदेश पाठविणारें एक छोटें यंत्र बांधतात आणि तें कसें वापरावें हें आधीं शिकवितात. स्वस्ताईसाठीं म्हणून हा खर्च कोणी गाळीत नाहीं.

हें शेवटचें वाक्य ऐकलें आणि मी क्षणभर गप्प झालों. कारण असा एक खर्च मीं एकदां गाळला होता.

सन १९८६ मधील गोष्ट. मी तेव्हां जुन्नर तालुक्यांतील एका शाळेंत शिकवीत होतों. भाद्रपदांतल्या एका रविवारीं वरच्या वर्गांतील चौदा मुलांना घेऊन मी नाणेघाटास गेलों. तेथून जीवधन किल्ला अगदीं समोर दिसतो. मुलें म्हणालीं, "गुरुजी, वर जाऊं." पायथ्याच्या वाडीवरचा एक गृहस्थ वाट दाखविण्यास तयार होता, तो वीस रुपये मागत होता. सहलीची वर्गणी मुलामागें दहा रुपये. मीं हिशेब केला आणि म्हणालों, "किल्ला तर दिसतोच आहे, वाट ती काय सांपडणार नाहीं?" रानांत शिरल्यावर किल्ला दिसेनासा झाला. ढोरवाटांनीं आम्हांस दोन तास फिरविलें. कातळांतल्या पायऱ्यांपाशीं पोंचलों तेव्हां धुकें उतरलें होतें. या पायऱ्या १८१८ सालीं इंग्रजांनीं सुरुंग लावून फोडल्या. त्यामुळें मध्येंच एके ठिकाणीं दोराचा आधार घ्यावा लागतो. आमच्याजवळ दोर नव्हता. मीं परत फिरण्याचें ठरविलें, पण तें ठरविण्यास उशीर झाला होता. उतरतांना शेवाळावरून एक मुलगा घसरला आणि त्याचा डावा हात कोपरांत मोडला. गांवांत पोंचावयास रात्रीचे दहा वाजले.

त्याची आई दारांत उभी होती. ती रडली नाहीं, मला बोललीही नाहीं. मुलाला आंत निजवून ती बाहेर आली आणि तिनें एवढेंच विचारलें, "गुरुजी, वाट दावणारा किती मागत व्हता?" मीं सांगितलें, "वीस रुपये." ती "बरं" म्हणाली आणि आंत गेली. त्या एका "बरं"नें मला जें शिकविलें तें कोणत्याही पाठ्यपुस्तकानें शिकविलें नाहीं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मीं पुष्कळ सहली नेल्या. परंतु प्रत्येक वेळीं निघण्यापूर्वीं स्वतःला पांच प्रश्न विचारले. तेच पांच प्रश्न मीं पुतण्याला लिहून पाठविले, व तेच आज आपणांपुढें ठेवतों.

पहिला प्रश्न : दिवस केवढा आहे? याचा हिशेब पहाटेपासून पुढें न करतां सूर्यास्तापासून मागें करावा. मार्गशीर्षांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून साडेचार वाजतां डोंगराचा पायथा सोडलेला बरा. पुणें ते जुन्नर सुमारें पंचाण्णव किलोमीटर; एस्. टी.नें साधारण तीन तास. तेथून नाणेघाट आणखी तासाभराचा. पहाटे साडेपांचला पुणें सोडलें तर दहाच्या आंतबाहेर घाटमाथा गांठतां येतो, आणि सहा-साडेसहा तास हातीं राहतात. तेवढ्यांत काय बसतें तेंच निवडावें. अंधारानंतर उसाच्या फडांलगत रेंगाळूं नये, हेंही येथें सांगितलें पाहिजे. जुन्नर तालुक्यांत बिबट्यांचा वावर मोठा आहे; माणिकडोह येथें त्यांच्यासाठीं निवाराकेंद्रच काढावें लागलें आहे. शेतकऱ्याला त्या वाटेनें रात्रीं पाणी द्यावयास जावेंच लागतें, हौशी माणसाला तशी निकड नसते.

दुसरा प्रश्न : दरांत काय येतें आणि काय येत नाहीं? जाहिरातींत चहा, पोहे व छायाचित्रें ठळक अक्षरांत असतात. आपण विचारावें : वाटाड्या आहे काय? दोर आहे काय? औषधांची पेटी आहे काय? आणि मग एकंदर रक्कम डोंगरावर प्रत्यक्ष मिळणाऱ्या तासांनीं भागावी. दहा तास मोटारींत आणि दोन तास डोंगरावर अशी सहल स्वस्त असूनही महाग पडते. समजा, सहा जण एस्. टी.नें जुन्नरपर्यंत गेले आणि तेथून जीप केली. जीपचे तीन हजार आणि वाटाड्याचे एक हजार धरले तरी माणशीं सातशेंच्या आंत बसतात, एस्. टी.चें भाडें तेवढें निराळें. त्यांत राज्य शासनानें २०२३ सालीं एस्. टी.मध्यें महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत दिली, हें सहकुटुंब जाणाऱ्यांनीं विसरूं नये. जीपच्या तीन हजारांत घासाघीस खुशाल करा. वाटाड्याच्या हजारांत करूं नका.

तिसरा प्रश्न : नेणारा कोण? महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं साहसी पर्यटनाचें धोरण काढून अशा संस्थांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावयास सांगितलें. नोंदणी आहे का, हें विचारण्यांत संकोच कसला? दुसरें असें कीं, एका वाटाड्यामागें माणसें किती? चाळीस माणसांच्या रांगेंत पुढचा वाटाड्या आणि मागची आपली मुलगी यांत एक अख्खी टेकडी असते. आणि नेणारा शहरांतला असला तरी सोबत त्या गांवचा एक तरी माणूस असावा. आमच्या भागांतील महादेव कोळी व ठाकर मंडळींना हें रान घरच्या अंगणासारखें ठाऊक असतें. त्यांच्या ज्ञानाला दाम दिला म्हणजे उपकार केला असें होत नाहीं.

चौथा प्रश्न : हवा फिरली तर काय? सहल रद्द झाली तर पैसे परत मिळतात का, कीं दुसरी तारीख मिळते, हें आधीं स्पष्ट करून घ्यावें. ज्याला परत फिरण्यांत तोटा आहे तो परत फिरत नाहीं. पावसाळ्यांत तर हा प्रश्न सर्वांत मोठा. आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव आपणांस स्मरत असेल. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं, सततच्या पावसानंतर, डोंगराचा कडा गांवावर आला आणि दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. तीं माणसें तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहत होतीं; डोंगर त्यांच्या ओळखीचा होता. मग वर्षांतून एकदां येणाऱ्या आपण किती जपलें पाहिजे? अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशीं घाटांत जाऊं नये. मग भरलेले पैसे बुडाले तरी चालतील.

पांचवा प्रश्न : आपल्यांत सर्वांत अशक्त कोण? सहल त्याच्या पायांनीं मोजावी. तरण्या पोराच्या हौसेला आजोबांचे गुडघे बांधून नेलें तर दोघांचाही दिवस वायां जातो.

आतां या प्रश्नांच्या चाळणींतून आमचे डोंगर गाळून पाहूं.

मुलें व वडीलधारीं माणसें बरोबर असतील तर शिवनेरी आणि लेण्याद्रि. शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत पक्की सडक आहे, सात दरवाजांची वाट बांधीव आहे, आणि जेथें शिवछत्रपतींचा जन्म झाला ती जागा पाहण्यास कोणाची शिफारस नको. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशांत स्थान दिलें, त्यांत शिवनेरी आहे. लेण्याद्रीच्या सुमारें तीनशें पायऱ्या सकाळच्या गारव्यांत चढाव्या आणि गिरिजात्मजाचें दर्शन घेऊन भोवतालचीं बौद्ध लेणीं पाहावीं. हें सारें एस्. टी. व रिक्षा यांवर होतें.

पाय थोडे खंबीर असतील तर नाणेघाट आणि वाटेवरचा एखादा किल्ला. कल्याण बंदरांतून देशावर येणाऱ्या मालाची ही सातवाहनकालीन वाट. गुहेंतील ब्राह्मी लेख नागनिका राणीचा. राजघराण्याच्या मूर्तींपैकीं आतां केवळ पायांचे अवशेष व कोरलेलीं नांवें राहिलीं आहेत. माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यांत जकात टाकीत असें लोक सांगतात. किल्ल्यांपैकीं हडसर घ्यावा. तेथें निवडीचा धडा प्रत्यक्षच मिळतो : एका बाजूला कातळांत कोरलेल्या पायऱ्या आणि दरवाजे असलेली राजवाट, दुसरीकडे खुंट्या धरून चढावयाची खुंटीची वाट. किल्ला तोच, माथा तोच. नवख्यानें राजवाटेनें जावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. चावंडही चांगला, त्याच्या खोदीव पायऱ्या उंच आहेत, पावसांत निसरड्या होतात.

जीवधन मात्र सरावलेल्यांसाठीं. वाटाड्या व दोर यांवांचून नाहींच. खिरेश्वराहून टोलार खिंडीनें हरिश्चंद्रगड करण्याची हौस पुष्कळांना असते. त्याला नुसतें चढावयासच चार तास लागतात. पुण्याहून एका दिवसांत जाऊन येण्याचें तें काम नव्हे. मुक्कामाची सवड मिळेपर्यंत तो राखून ठेवावा.

आंबेगांवाकडे वळावयाचें तर मंचर, घोडेगांव, डिंभे धरण या वाटेनें आहुपें गांठावें. तेथील देवराई आणि कड्यावरून दिसणारे गोरखगड-मच्छिंद्रगड यांसाठीं एक दिवस अपुराच वाटेल. पाऊस ओसरल्यावर, आश्विन-कार्तिकांत, तेथें जाण्यासारखें सुख नाहीं. पैसेही बेताचेच लागतात. भीमाशंकराच्या रानांत शेकरू पाहावयाचा असेल तर श्रावणी सोमवार व शिवरात्र टाळून जावें.

पुतण्यानें माझे पांच प्रश्न तिकडच्या तीन कंपन्यांना विचारले. चौथ्या प्रश्नाला एकीनें गुळमुळीत उत्तर दिलें, ती त्यानें सोडली. शेवटीं त्यानें पट्ट्यांच्या मोटारीची सफर निवडली. त्या दिवशीं फेऱ्या थोड्याच मिळाल्या. पण सुखरूप घरीं येऊन त्यानें मला टेलिफोन केला, तेव्हां त्याचा आवाज दहा वर्षांच्या मुलासारखा झाला होता.

आणि तो माझा विद्यार्थी? तो आतां पन्नाशी ओलांडलेला बागायतदार आहे. डावा हात अजून पुरता सरळ होत नाहीं. गेल्या दिवाळींत त्याचा मुलगा मित्रांसह जीवधनास निघाला होता. जाण्यापूर्वीं बापानें त्याला माझ्याकडे पाठविलें. मीं कांहीं उपदेश केला नाहीं. "वाटाड्या ठरविला का?" एवढेंच विचारलें. तो म्हणाला, "हो गुरुजी. आजीनं आधीच पैसे हातावर ठेवलेत."