निष्ठेचे बक्षीस

डोंबिवलीहून ठाण्याकडे लोकलने जाता-येता वेळ कसा काढावा, हे कोडे आम्हांला नवे नाही. जपानात आगगाडीतला एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे दाबीत बसलेला पाहून गुनपेई योकोई यांना खिशातल्या खेळाची कल्पना सुचली, असे सांगतात. १९८० साली निन्टेन्डो कंपनीचा, चेंडू झेलण्याचा ‘बॉल’ हा खेळ निघाला. २०१० मध्ये कंपनीने तोच पुन्हा घडविला. पण विकला नाही, वर्षभराच्या खरेदीवर पुरेसे गुण जमविणाऱ्या गिऱ्हाइकांना भेट दिला. आमचा वाणीही दिवाळीच्या सामानावर उटण्याची पुडी देई. हिशेब दोहोंकडे आहे, ओलावाही आहे. भेट आम्ही आनंदाने घ्यावी. मात्र गुणांसाठी नको ती खरेदी करू नये. निष्ठा विकत मिळत नसते.