वजनाचा काटा का अडतो?

मंडळी, आज आपल्याला वजनाविषयी बोलायचे आहे. कापसाच्या नव्हे, आपल्या अंगाच्या वजनाविषयी.

पूर्वी गावात पोट सुटलेला माणूस एखादाच असे. लोक म्हणत, "खात्यापित्या घरचा दिसतो." आता कोणत्याही पारावर पाहा. पोट सुटलेली चार माणसे सहज दिसतात. बायकांतही तेच. त्याला कारण आहे. आपला बीड जिल्हा कष्टाचा. दिवाळीच्या सुमारास इथून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. अशा कामाला भरपूर खाणे लागते आणि ते अंगात जिरतेही. पण पुढे वय होते. गुडघे दुखतात. मुलगा म्हणतो, "आई, आता घरीच राहा." कोयता सुटतो, पण ताटातली भाकरी आणि दिवसाचे पाच चहा सुटत नाहीत. मग अंग वाढते, दम लागतो. एक दिवस तपासणीत कळते, रक्तात साखर वाढली आहे.

मग डॉक्टर सांगतात, वजन उतरवा. माणूस मनावर घेतो. खाणे कमी करतो, पहाटे चालायला जातो. दोन-तीन महिन्यांत वजन उतरते. सगळे शाबासकी देतात. आणि मग काय होते? काटा अडतो. माणूस म्हणतो, "तोंड बांधलं, पाय झिजवले, तरी काटा जागचा हलंना!" असे का होते, ते आज पाहू. कारण समजले नाही, तर माणूस हिरमुसतो आणि सगळेच सोडून देतो. नाहीतर बाजारात कुणीतरी पुडी विकायला बसलेला असतो, त्याच्या नादी लागतो.

पहिले कारण सोपे आहे. उसाने भरलेली बैलगाडी ओढायला बैलांना किती जोर लागतो! तीच गाडी रिकामी झाली की बैल सहज चालतात. आपल्या शरीराचेही तसेच आहे. ८० किलोचे अंग हलवायला जेवढी शक्ती लागते, तेवढी ७० किलोच्या अंगाला लागत नाही. म्हणजे वजन उतरले की शरीराचा रोजचा खर्चही उतरतो. जे खाणे सुरुवातीला कमी होते, तेच आता पुरेसे होते.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. चरबी म्हणजे शरीराचे धान्याचे बळद. सुगीत भरायचे, टंचाईत काढायचे. १९७२ चा दुष्काळ आपल्या घरच्या जुन्या माणसांनी पाहिला. त्या वर्षी घरची बाई काय करी? बळद रिकामे होऊ लागले की हात आखडता घेई. शरीरही तेच करते. तुम्ही वजन उतरवायला जेवण कमी केले, हे शरीराला कळत नाही. त्याला वाटते, दुष्काळ पडला. मग ते काटकसर करते. अंग थोडे गार पडते. हालचाल मंदावते. आपल्या नकळत आपण जास्त वेळ बसतो. भूकही वाढते. चरबीतून लेप्टिन नावाचा एक रस रक्तात जातो. तो मेंदूला सांगतो, "बळद भरलेले आहे, काळजी नको." १९९४ साली शास्त्रज्ञांनी तो शोधला. चरबी घटली की हा रस कमी होतो आणि मेंदू ओरडू लागतो, "खा, खा!" म्हणून वजन उतरलेल्या माणसाला पहिल्यापेक्षा जास्त भूक लागते. हा त्याचा हावरटपणा नसतो.

याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९४४-४५ साली, महायुद्धाच्या काळात, ३६ निरोगी तरुण स्वखुशीने उपाशी राहायला तयार झाले. अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने २४ आठवडे त्यांचे खाणे जवळजवळ निम्म्यावर आणले. त्यांचे वजन सुमारे पावपट घटले. पण त्यांच्या हृदयाचे ठोकेही मंदावले. अंग गार पडे. काम करावेसे वाटेना. जेवणाशिवाय दुसरा विचार डोक्यात येईना. म्हणून सांगतो, काटा अडला की आणखी उपाशी राहणे हा उपाय नव्हे. त्याने चरबीबरोबर अंगातले मांसही झिजते. मांस झिजले की खर्च आणखी कमी होतो. असा माणूस पुन्हा नेहमीसारखे खाऊ लागला की वजन झपाट्याने परत येते.

आता थोडा हिशेब करू. अन्नातली शक्ती उष्मांकांत मोजतात. समजा, एक बाई आहे. वजन ८० किलो. तिचे शरीर दिवसाला २००० उष्मांक खर्च करते. तिने खाणे १५०० वर आणले. ५०० ची तूट पडली. ती तूट चरबीने भरून काढली, म्हणून वजन उतरले. पुढे वजन ७० झाले. आता शरीराचा खर्च १७५० वर आला. शरीराने काटकसर करून आणखी १०० वाचवले. खर्च झाला १६५०. इकडे तिचाही हात थोडा सैल झाला. खाणे १५०० वरून १६५० वर गेले. जमा १६५०, खर्च १६५०. काटा अडला! यात जादूटोणा नाही, नशीबही नाही.

तुम्ही म्हणाल, हे १५० वाढले कुठून? बाई तर म्हणते, मी काहीच जास्त खाल्ले नाही. ती खोटे बोलत नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये अशाच काही माणसांची तपासणी झाली. "आम्ही फार थोडे खातो, तरी वजन उतरत नाही," असे ती माणसे म्हणत. मोजून पाहिले, तर ती सांगत होती त्याच्या जवळजवळ दुप्पट खात होती. कष्ट मात्र सांगत होती त्यापेक्षा बरेच कमी करीत होती. त्यांच्या मनात कपट नव्हते. आपण ताटातले लक्षात ठेवतो. ताटाबाहेरचे विसरतो.

ताटाबाहेर काय काय असते? गोड चहाचा एक कप म्हणजे ६०-७० उष्मांक. पाच कप झाले की ३०० च्या वर गेले. येता-जाता तोंडात टाकलेले मूठभर शेंगदाणे १७० च्या आसपास. भाजीवर घेतलेले एक मोठा चमचा तेल १२० चे. लेकराने टाकलेला अर्धा घास, भज्यांची चव, पाहुण्याबरोबरचा फरसाण, हे तर कुणी मोजतच नाही. आता चालण्याकडे पाहा. ७० किलोच्या माणसाने ३ किलोमीटर चालले की सुमारे १५० उष्मांक खर्च होतात. म्हणजे मूठभर शेंगदाण्यांत सगळी पायपीट फिटली. चालून आल्यावर "आज लई चाललो" म्हणून एक वडा खाल्ला, तर हिशेब उलटाच झाला.

आणि आपले उपास! "एकादशी अन् दुप्पट खाशी" हे उगीच म्हणत नाहीत. साबुदाणा म्हणजे नुसता पिष्ट. त्यात शेंगदाण्याचे कूट आणि तेल किंवा तूप. वरून बटाटा. अशी खिचडी पोटभर खाल्ली तर ती भाकरी-भाजीच्या जेवणापेक्षा जड होते. देवासाठी उपास करा, त्याला कुणाची ना नाही. पण त्याने वजन उतरेल असे धरून चालू नका. आपल्या बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळे गोड आणि गुणाची. दोन दिवसांत पाटी संपवली, तर तीही हिशेबात येतात.

आता काही दुखणी अशी आहेत की त्यांत वजन खरोखरच हट्टाने अडते. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंद झाली तर थकवा येतो, थंडी सोसत नाही, शौचाला साफ होत नाही आणि वजन वाढते. मधुमेहाची काही औषधे आणि इन्सुलिन यांनीही वजन वाढते. म्हणून औषध बंद करायचे नाही. डॉक्टरांना विचारायचे.

एक गोष्ट बायांसाठी. २०१९ साली सरकारी समितीने आपल्या जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची माहिती घेतली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायांचे गर्भाशय काढलेले आढळले. कित्येकींचे वय तर अगदी कमी. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील, तर पाळी जाण्याचे वय आधीच आल्यासारखे शरीर वागते. चरबी कमरेभोवती साठू लागते. हाडेही ठिसूळ होतात. अशा आक्का-मावशींना कुणी म्हणू नये की ही आळशी झाली. त्यांनी तपासणी करून घ्यावी. आपले ऑपरेशन कसले झाले, काय काय काढले, ते कागद दाखवून विचारावे. तो त्यांचा हक्क आहे.

तिसरी गोष्ट अशी की काटा सगळे खरे सांगत नाही. पहिल्या पंधरवड्यात जे वजन झरझर उतरते, त्यात पाणी बरेच असते. म्हणून पुढचा वेग मंद दिसतो. २००४ साली पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. युडकिन यांच्याबरोबर आपला स्वतःचाच दाखला छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण युडकिन यांच्या अंगात चरबी शंभरात ९ भाग, तर याज्ञिक यांच्या अंगात २१ भाग! आपल्याकडे माणूस वरून सडपातळ दिसतो, पण आत चरबी असते, पोटाभोवती जास्त. म्हणून काट्याबरोबर कंबरही मोजा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत हवी. बाईची ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत. टेप नसेल तर आपला करदोडा आहेच. तो सैल झाला, परकराची नाडी जास्त ओढावी लागली, तर काटा अडला असला तरी काम चालू आहे असे समजा.

आणि वजन अडले तरी मेहनत वाया जाते का? मुळीच नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ माणसांवर तीन वर्षे लक्ष ठेवले. सगळ्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी शंभरात ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना चालणे आणि आहार नीट सांभाळायला लावले, त्यांच्यापैकी ३९ जणांना झाला. २००६ साली ही माहिती छापून आली. गंमत अशी की चालणाऱ्यांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता! काटा हलला नाही, तरी शंभरातली १६ माणसे त्या दुखण्यातून वाचली. पायाच्या जखमा, डोळ्यांची खराबी, मूत्रपिंडाचा खर्च, हे सगळे वाचले. यापेक्षा मोठी कमाई कोणती?

मग काटा अडल्यावर करायचे काय? ताटात भाकरी थोडी कमी करून डाळ, मटकी, हरभरा, ताक, चालत असेल त्याला अंडे, हे वाढवा. त्याने पोट जास्त वेळ भरलेले राहते आणि मांस टिकते. चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा बैठका काढा. गुडघे दुखत असतील तर बाजेवर बसून उठण्याचा सराव करा. चहात साखर अर्धी करा. रात्री पुरती झोप घ्या. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी भूक खवळते. कुणी दोन वेळाच जेवतात, कुणी चार वेळा थोडे थोडे खातात. जे वर्षभर निभेल ते धरा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नका. साखर एकदम उतरून जिवावर बेतते. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाने आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. तिथे ही तपासणी फुकट होते.

शेवटी एक काम सांगतो. ते तुम्हालाच जमेल, कारण आता तुम्हाला लिहिता येते. एक चार आण्याच्या वहीसारखी साधी वही घ्या. सात दिवस, तोंडात जे जाईल ते लगेच लिहा. असे लिहा:

सोमवार. सकाळी चहा १ कप, साखर २ चमचे. भाकरी २. पिठले १ वाटी. दुपारी शेंगदाणे १ मूठ. चाललो अर्धा तास.

रात्री आठवून लिहू नका. खाल्ले की लिहा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. आठव्या दिवशी वही वाचा. आरोग्य केंद्रात गेलात तर ती डॉक्टरांना किंवा आशाताईंना दाखवा. मुकादमाच्या वहीत आपल्या नावापुढे काय लिहिले आहे, हे ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांची किती फसगत झाली, ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या अंगाचा हिशेब तरी आपल्या हातचा असू द्या.