दांपत्यसुख आणि संकोच

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें बालपणींचें शिक्षण साताऱ्यास झालें. पुढें १९३४ मध्यें मुंबईच्या न्यायालयांत त्यांनीं रघुनाथ धोंडो कर्वे यांची बाजू मांडली. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांत कर्व्यांनीं वाचकांच्या कामविषयक प्रश्नांना दिलेलीं उत्तरें अश्लील आहेत, असा आरोप होता. खटल्यांत हार झाली. प्रश्न मात्र संपले नाहींत.

सातारा-सांगलीच्या सुशिक्षित घरांतही ‘नवें आसन करून पाहावें काय?’ हा प्रश्न पतिपत्नींच्या ओठांवर येऊन परततो. उत्तर साधें आहे. प्रथम दोघांनीं मोकळेपणानें बोलावें. एकाची अनिच्छा हा नकारच समजावा. घाई नसावी. कंबरेखालीं किंवा गुडघ्यांखालीं उशी घेतल्यास ताण कमी होतो. पाठ दुखत असेल तर कुशीवर निजणें पुष्कळांस सोयीचें पडतें. कोरडेपणा असल्यास पाण्यांत विरघळणारें वंगण वापरावें. तेलानें रबरी निरोध फाटण्याचा संभव असतो. दुखूं लागतांच थांबावें. वेदना वारंवार होत असल्यास डॉक्टरांस दाखवावें.

आसन साधलें नाहीं तरी कांहीं बिघडत नाहीं. परंतु ‘दुखतें’ एवढा शब्द उच्चारण्याची मोकळीक ज्या घरांत नाहीं, तेथें सुखास जागा कोठून असणार?