जिभेवर उरलेला शब्द

मायबाप हो, ज्ञानोबारायांचा जन्म शके 1197 चा. ज्ञानेश्वरी सांगितली शके 1212 मध्ये. वय किती झालं? 15. आणि 21 व्या वर्षी समाधी. म्हातारपण त्यांच्या वाट्याला आलंच नाही. तरी तेराव्या अध्यायात म्हातारपणाचं वर्णन असं केलंय, की ऐंशीच्या माणसानं वाचावं आणि आरशात बघावं! घाबरवायला नाही सांगितलं. तिथं प्रकरण ज्ञानाच्या लक्षणांचं आहे. अंगात ताकद आहे तेव्हाच जो पुढचं म्हातारपण पाहून ठेवतो, तो शहाणा.

आता बघा, पाय थकले तर काठी मिळते. डोळ्याला चष्मा, तोंडाला कवळी. वाचा गेली तर दुकानात काय मिळतं?

आमच्या दिंडीत एक विणेकरी होते. आवाज खडा. घरी मात्र बोलणं मोजकं. बायकोला हाक काय? ‘अगं ए.’ जेवण झालं की हात धुऊन उठायचं. भाजी बरी झालीय, एवढंही नाही. माणूस वाईट नव्हे हो! आपल्याकडं घरच्या माणसाचे आभार मानायची रीतच नाही. आभार मंडपवाल्याचे मानायचे, सप्त्याच्या शेवटच्या दिवशी, माईकवर. (हशा)

सत्तरी ओलांडली आणि झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की बहुधा असं होतं. डॉक्टर त्याला वाचाघात म्हणतात. पाणी हवंय हे कळतं, पण ‘पाणी’ हा शब्द सापडत नाही. आणि नवल असं, की साधं वाक्य जुळत नाही त्या माणसाला पाठातलं गाणं कित्येकदा म्हणता येतं. टाळ वाजला की यांच्या तोंडून हरिपाठ यायचा! एरवी बोलायला एकच शब्द उरला, माऊली.

वारीत आपण कुणाला माऊली म्हणत नाही? पाणी देणारी माऊली, पोलीस माऊली, वाट सोडा माऊली. तोच शब्द घरात आला. डॉक्टर माऊली, नातू माऊली, दारातली म्हैस माऊली. ताट घेऊन आलेली बायको, तीही माऊली.

मी भेटायला गेलो होतो. त्या बाई म्हणाल्या, “महाराज, 52 वर्षं ‘अगं’ ऐकलं. आता माऊली म्हणतात. लोक हसतात, म्हशीलाही तेच म्हणतात म्हणून. म्हणू द्या. म्हशीला म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येत नाही.”

आळंदीला राहून ग्रंथ लावले मी. पण यावर काय निरूपण करणार?

एक सांगतो, अशा माणसासमोर ‘यांना काही कळत नाही’ असं बोलू नका. बोलता न येणं वेगळं, न कळणं वेगळं. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा आणि थांबा. घाई करून त्याचा शब्द आपणच बोलू नका.

आणि तुमची-आमची जीभ तर अजून धड आहे ना? कीर्तन संपलं की आपण परक्याच्या पाया पडतो, उराउरी भेटतो. घरी मात्र जीभ जड होते. पलीकडं चुलीपाशी सकाळपासून बाया भाकरी थापतायत. आत्ता पंगत बसेल. वाढायला येईल त्यात एखादी तुमच्या घरची असेल. ती पुढ्यात आली की पत्रावळीकडं बघू नका, जरा मान वर करा.

वाजवा, मृदंगाचार्य. विठ्ठल, विठ्ठल.