नव्या संघाचे घर

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



काल याच मांडवात ज्ञानेश्वरीवर सुंदर प्रवचन झाले, उद्या गुंतवणुकीवर व्याख्यान आहे. मधल्या दिवशी मी अमेरिकन फुटबॉलवर बोलणार असे कळल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "ऐकायला कोण बसणार?" तुम्ही बसला आहात, त्याबद्दल आधीच आभार मानतो.

१९९१ साली कारखान्याने आम्हा तिघांना सहा महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवले होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एनएफएल या बड्या संस्थेच्या पाठिंब्याने एक नवी लीग निघाली, 'वर्ल्ड लीग ऑफ अमेरिकन फुटबॉल'. एकूण संघ दहा. सहा अमेरिकेत, एक कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा आणि तीन युरोपातले: लंडन, फ्रँकफर्ट आणि बार्सिलोना. लंडनच्या संघाचे नाव मोनार्क्स. पहिला सामना त्यांनी २३ मार्चला फ्रँकफर्टला जाऊन २४-११ असा जिंकला. घरच्या मैदानावरचा पहिला सामना ३१ मार्चला वेम्बलीवर, न्यूयॉर्क-न्यू जर्सी नाइट्स या संघाशी होता. तो ईस्टरचा रविवार होता. सुट्टीच्या दिवशी खोलीवर बसून वरणभात खाण्यापेक्षा हे बरे, म्हणून ऑफिसातल्या एका इंग्रज सहकाऱ्याबरोबर आम्ही तिघेही गेलो.

वेम्बली म्हणजे १९२३ सालचे जुने स्टेडियम, दोन पांढऱ्या मनोऱ्यांचे. इंग्लंडने १९६६ चा विश्वचषक तिथेच जिंकला. ते स्टेडियम पुढे पाडले आणि २००७ मध्ये त्याच जागी नवे उभे राहिले. आम्ही पाहिले ते जुने.

आता खेळाविषयी थोडे. नाव फुटबॉल असले तरी चेंडू बहुतेक वेळ हातात असतो. मैदान शंभर यार्डांचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. खांबांमधून लाथेने मारला तर तीन. कबड्डीतली पकड आणि बुद्धिबळातली चाल एकत्र केली तर जे होईल, ते हे. खेळ साठ मिनिटांचा, पण थांबत थांबत तीन तास चालतो. कसोटी क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला त्याचे काही वाटत नाही!

मला मात्र खेळापेक्षा प्रेक्षकांचे नवल वाटले. जवळपास सत्तेचाळीस हजार माणसे आली होती. ब्रिटनमध्ये १९८२ पासून चॅनल फोरवर हा खेळ दाखवत होते, त्यामुळे लोकांना तो ठाऊक होता. पण प्रत्येकाने आपापला अमेरिकन संघ आधीच निवडलेला होता. कुणाच्या अंगात शिकागोचा शर्ट, कुणाच्या मायामीचा, कुणाच्या डल्लासचा. जन्मून आठवडाभर झालेल्या संघाचे स्वतःचे शर्ट घातलेली माणसे आमच्या आसपास थोडीच होती. मोनार्क्सचे बहुतेक खेळाडूही अमेरिकन. म्हणजे खेळ परका, खेळाडू परके, प्रेक्षकांची निष्ठा दुसरीकडे. मग हा 'घरचा सामना' कसा? असे मी शेजारच्या सहकाऱ्याला विचारलेदेखील. तो म्हणाला, "थांब, बघ."

प्रत्येक संघात अमेरिकेबाहेरचे काही खेळाडू घ्यावेत अशी त्या लीगची योजना होती. मोनार्क्समध्ये व्हिक्टर एबुबेदिके हा लंडनच्याच क्लबातून आलेला धावपटू होता आणि फिल अलेक्झांडर हा इंग्रज किकर. त्यांची नावे पुकारली गेली तेव्हा आमच्या भागातले शिकागोवाले, मायामीवाले, डल्लासवाले सगळे एकदम उभे राहिले. आपल्यातला कुणीतरी मैदानात आहे, एवढे त्यांना पुरले. मोनार्क्सनी तो सामना २२-१८ असा जिंकला. बाहेर पडताना लोक 'त्यांनी जिंकले' असे म्हणत नव्हते, 'आपण जिंकलो' म्हणत होते.

त्या वर्षी मोनार्क्सनी दहापैकी नऊ साखळी सामने जिंकले आणि ९ जूनला वेम्बलीवरच एकसष्ट हजारांसमोर बार्सिलोनाला २१-० असे हरवून विजेतेपद मिळवले. इथे गोष्ट संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितली नसती.

दुसऱ्या वर्षी संघ हरू लागला. १९९२ नंतर लीगच दोन वर्षे बंद पडली. १९९५ मध्ये ती फक्त युरोपातल्या सहा संघांची म्हणून परतली, तेव्हा मोनार्क्सचे घर बदलले होते. वेम्बली जाऊन टॉटनहॅमचे मैदान आले. ते इतके तोकडे की शंभर यार्डसुद्धा बसेनात! मग चेल्सीचे मैदान. १९९८ मध्ये संघाचे नाव 'इंग्लंड मोनार्क्स' झाले आणि घरचे सामने वेगवेगळ्या गावांत होऊ लागले. सगळ्यांचा म्हणवणारा तो संघ कुणाचाच उरला नाही. त्याच वर्षी तो संपला.

तिकडे पहिलाच सामना घरात हरलेला फ्रँकफर्टचा गॅलक्सी संघ २००७ मध्ये लीग बंद होईपर्यंत त्याच शहरात टिकला आणि चार वेळा विजेता झाला. तिथे सामन्याआधी मैदानाबाहेर मोठी जत्रा भरे. गाणी, खाणे-पिणे, मुलेबाळे. लोक सामन्यासाठी येत आणि एकमेकांसाठीही येत. २०२१ मध्ये युरोपात नवी लीग निघाली तेव्हा फ्रँकफर्टकरांनी तेच जुने नाव पुन्हा घेतले. लंडनला प्रेक्षक नव्हते असे नाही. २००७ पासून एनएफएलचे सामने तिथे होत आले आहेत, स्टेडियम भरते. पण ते पाहुण्यांचे सामने.

आता मंडळाकडे वळतो. गेल्या महिन्यातल्या सभेत दोन प्रश्नांवर बरीच गरमागरमी झाली. पहिला, गर्दी कमी होते म्हणून उत्सव दरवर्षी वेगवेगळ्या उपनगरांत फिरता ठेवावा का? दुसरा, आपल्या सोसायट्यांतली कन्नड, तमिळ, मल्याळी मुले नाटकात घ्यावीत का, की त्याने उत्सवाचे मराठीपण जाईल?

माझे मत स्पष्ट सांगतो. उत्सव फिरता करू नका. जागा साधी असली तरी चालेल, पण माणसाला डोळे मिटून पोचता आले पाहिजे.

आणि त्या मुलांना जरूर घ्या. पण पडदा ओढायला किंवा झाडाचा फांदोरा धरायला नव्हे, संवाद असलेली भूमिका द्या. त्या युरोपीय लीगने पुढे नियमच केला होता, की ठरावीक डावांत स्थानिक खेळाडू मैदानात उतरवलाच पाहिजे. नुसता बाकावर बसवून चालणार नाही. आपणही इथे बेंगळुरूला बाहेरून आलेलेच आहोत. कुणी नागपूरचा, कुणी कोल्हापूरचा, कुणी बेळगावचा. प्रत्येकाच्या अंगात आपापल्या गावाचा शर्ट होता. चाळीस वर्षांपूर्वी आरतीची चालसुद्धा एकमेकांशी जुळत नव्हती, हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल! ती जुळली, कारण प्रत्येकाला काही ना काही काम दिले गेले.

शेजारच्या कन्नड मुलीने रंगमंचावर चार मराठी वाक्ये म्हटली, तर तिचे आईवडील, आजी-आजोबा पुढच्या रांगेत येऊन बसतील. त्याने मराठी उणी होत नाही, बोलणारे एक तोंड वाढते. आपली स्वतःची नातवंडेसुद्धा आता तिच्याइतकीच मराठी बोलतात, हे आपण घरी पाहतोच. त्यांनाही मैदानात उतरवायचे आहे.

पहिल्या दिवशीची गर्दी कुतूहलाने येते. दहाव्या वर्षी येतो तो आपला माणूस. येत्या रविवारच्या सभेत हात वर करताना एवढे लक्षात ठेवा, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!